डाळिंबाच्या चित्राची डबी

शारदे,

काल समाजाच्या हॉलमध्ये तुझ्या नावानं लोहाच्या गोळ्या वाटल्या. तुझ्या तेराव्याला. आधी भटजी, मग जेवण, मग श्रद्धांजली सभा आणि शेवटी 'रक्तक्षय निर्मूलन शिबिर'. स्टेजच्या मागे फ्लेक्स होता. त्यावर तुझा फोटो, आणि त्याच्या शेजारी जरा मोठा, हात जोडलेला, तुझ्या दिरांचा. गेलेलं नेमकं कोण, हे लांबून येणाऱ्याला खालची ओळ वाचल्याशिवाय कळलं नसतं.

गोविंदराव बोलले. समाजाचे अध्यक्ष झाल्यापासून ते घरातही उभं राहूनच बोलतात, हे तुझंच निरीक्षण. "आमच्या वहिनींनी चौदा वर्षं रक्तक्षयाशी झुंज दिली! भाऊ गेला, पण देवराज मोहल्ल्यातलं आमचं शिलाईचं मशीन त्यांनी थांबू दिलं नाही. अशी ही आपल्या समाजाची लोहमहिला!" टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या वाजवायच्या की नाही, यावर पुढच्या रांगेत क्षणभर मतभेद दिसला. मग बहुमतानं वाजवल्या.

तू असतीस तर आपण दोघी मागच्या रांगेत बसलो असतो. तू पदर तोंडाला लावून म्हणाली असतीस, "वत्सू, साकु, पुरे. माझ्याकडे बघू नको गं, हसू येतंय."

मी एकटीच बसले होते. हसू आलं नाही. हॉलमधली दीडशे माणसं तुझ्या रक्तक्षयाबद्दल हळहळत होती. तुला दुसरंही काही होतं, हे त्यांच्यात फक्त मला माहीत होतं. आणि त्या दुसऱ्यानं तू गेली नाहीस, हेही मलाच माहीत होतं. तू खरोखरच रक्तक्षयानं गेलीस. गोविंदराव जन्मात एकदा खरं बोलले, तेही नकळत.

घरात सांगतात की तुझा नवरा काविळीनं गेला. कावीळ होती, खोटं नाही. कावीळ कशानं एवढी वाढली, ते कुणी विचारलं नाही. त्यानंतर दोनेक महिन्यांनी तू माझ्या कॉलेजच्या ग्रंथालयात आलीस, बंद व्हायच्या वेळेला. खांद्यावर शिवायच्या कापडांची पिशवी. पिशवीतून दोन कागद काढलेस. आधी लेकीचा, नंदिनीचा दाखवलास. तिचा चांगला होता. ती तेव्हा दहा वर्षांची होती. मग तुझा पुढे सरकवलास.

"वाच."

"तू वाचला नाहीस?"

"वाचला. इंग्रजीत वाचला, सिस्टरनं कन्नडमध्ये समजावलं. सगळं कळलं. तरी तू वाच."

एचआयव्ही. मी वाचलं, घडी केली, परत दिलं. तूच बोललीस. "नंदिनीला कळता कामा नये. घरात कुणालाच नाही. तुला सांगते कारण एकटीनं बसमध्ये जायला मला भीती वाटते. शब्द दे."

मी दिला. मावसबहिणी आपण, लहानपणी कैऱ्या चोरल्या तेव्हाही असाच दिला होता. शब्द देताना तो किती वर्षं पुरवायचा आहे, हे कुणी विचारत नाही.

पहिल्या वर्षी तुला जे औषध दिलं त्यानं तुझं रक्त झपाट्यानं उतरलं. विषाणूला आवर घालणारी गोळीच रक्त खात होती. काहींना होतं असं, डॉक्टर म्हणाले. रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या, गोळी बदलली, तू महिन्याभरात पुन्हा मशीनवर बसलीस. पण त्या दोन पिशव्या घरच्यांनी पाहिल्या होत्या. त्यांना काहीतरी सांगायला हवं होतं. "रक्त कमी आहे," आपण सांगितलं. तेव्हा ते खरंही होतं.

आणि किती सोपं गेलं ते! दुसऱ्या आजारांबद्दल लोक कारण विचारतात. रक्त कमी असलं की कारण विचारत नाहीत, बीट आणून देतात. आपल्याकडे रक्त कमी असणं हा बाईचा आजार मानतच नाहीत, जवळजवळ सद्गुण मानतात. सगळ्यांना वाढून शेवटी जेवली असेल, आणखी काय? तुझ्या सासूबाईंनी तर शेजारी अभिमानानं सांगितलं. तुझं रक्त पुढच्या वर्षी पूर्ववत झालं, तरी आपण ते कारण सोडलं नाही. इतकं सोयीचं कारण पुन्हा कुठं मिळालं असतं?

डबीची कल्पना माझी. हे मी कालपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं, आता लिहून ठेवते. तुझी रोजची गोळी ज्या बाटलीत मिळायची, ती घरात ठेवायची सोय नव्हती. भरलेलं घर, एक कपाट, आणि नंदिनी वाचायला शिकलेली. मी औषधाच्या दुकानातून लोहाच्या गोळ्यांची तपकिरी डबी आणली. वर डाळिंबाचं चित्र, खाली ठळक अक्षरांत नाव. लाल गोळ्या ओतून टाकल्या, तुझ्या पांढऱ्या भरल्या, ओल लागू नये म्हणून बाटलीतली ती इवलीशी पुडीसुद्धा आठवणीनं आत टाकली. तीस वर्षं मी कॉलेजच्या मुलांना ओरडत आले, की पुस्तक चुकीच्या वेष्टनात घातलंत तर ते हरवलंच समजा. आणि स्वतः हेच केलं, वर स्वतःच्या हुशारीवर खूश झाले.

रात्री जेवण झालं की तू सगळ्यांसमोर डबी उघडायचीस. लपवायचं असेल तर उजेडात ठेवावं, हे तुला माझ्याआधी कळलं होतं. छोटी नंदिनी पाण्याचा पेला घेऊन यायची. "अम्मा, रक्ताची गोळी!" चौदा वर्षं ती रोज पेला आणत होती.

आणि आपलं नरसीपूर! मैसूरच्या दवाखान्यात ओळखीचं कुणी भेटेल म्हणून तू टी. नरसीपूरला नाव घालून घेतलंस. घरी सांगितलं, की दर अमावास्येला संगमावर स्नान करायचा नवस आहे, आणि वत्सला सोबत येते. दहावीनंतर देवळात हात न जोडलेली मी! पण कावेरी आणि कपिला दोघींनी माझं नाव राखलं. गल्लीत मी भाविक ठरले. गोविंदरावांनी तर एका सत्कारात 'धर्मपरायण ग्रंथपाल' म्हणून माझा उल्लेख केला, आणि तू टाळ्या वाजवल्यास, उभी राहून. परतताना पुरावा म्हणून संगमाचं पाणी न्यायचो. कधी बस चुकेल म्हणून घाटावर जायचं राहिलं, की स्टँडच्या नळाचं. तुझ्या जावेनं तेही डोळ्यांना लावलं. "अय्यो पाप," म्हणालीस तू, "तिचे डोळे यायचे."

त्या दवाखान्यात तू माझ्यापेक्षा धीट असायचीस. बाकावर बसून शेजारणीच्या ब्लाउजची बाही कशी चुकली आहे ते तिला समजावायचीस. पुढे तीन-तीन महिन्यांच्या गोळ्या मिळू लागल्या, तरी आपण अमावास्या पाळत राहिलो. नदीवर बसायचो, सोललेली चिंच खायचो, भांडायचो. गेल्या खेपेला सिस्टरनं तुझा कागद पाहून सांगितलं होतं, की विषाणू मोजण्याइतकाही उरलेला नाही. "शाळेत असते तर पहिला नंबर," तू म्हणालीस. तो मोठा शत्रू तू हरवला होतास, शारदे. नुसती रोज एक गोळी न चुकता घेऊन. त्याचा सत्कार कुणी केला नाही.

दीड वर्षापूर्वी पाळीचं सुरू झालं. थांबायच्या वयात ती वाढली, महिन्यातून बारा-बारा दिवस. तू म्हणालीस, वय आहे. मी म्हणाले, वय मलाही आहे. नरसीपूरच्या सिस्टरनं रक्त तपासलं, उतरलं होतं, लाल गोळ्या दिल्या. बजावून सांगितलं, की या आणि त्या एकदम उपाशीपोटी घेऊ नका, लोहानं ती दुसरी गोळी नीट लागत नाही, मध्ये अंतर ठेवा.

अंतर. त्यातच सगळं अडलं. दिवसात दोनदा गोळी घेतली तर घरात प्रश्न येणार, दुसरी कसली? दुसरी ठेवायची कुठं? डबी एकच होती, आणि लोहाच्या डबीत लोहाला जागा नव्हती. त्यात पोट बिघडायचं. आणि मला वाटतं, तुझ्या मनात ती लाल गोळी खोटीच होती. चौदा वर्षं ती नाटकातली वस्तू होती, ती खरंच गिळायची हे तुला पटेना. तू त्या गोळ्या मागच्या अंगणात करिबेवूच्या कुंडीत खुपसायचीस. आजी कढीपत्त्याला गंजलेले खिळे घालायची, तसंच. झाड इतकं माजलं, की गल्ली त्याची पानं मागायला येई. "आपल्या घरात रक्त भरपूर असलेलं हे एकटंच," मी म्हणाले, आणि आपण दोघी अंगणात पोट धरून हसलो.

ते हसणं मला आता परत करता येत नाही.

आपला एकच वाद होता, बाकीची नुसती बडबड. मी म्हणायचे नंदिनीला सांग. ती आता चोवीस वर्षांची आहे, कडकोळच्या कारखान्यात क्वालिटी बघते, तिच्या सहीशिवाय माल बाहेर पडत नाही. तुझा आजार तिला झेपेल. तू म्हणायचीस, लग्न होऊ दे. "लग्न झाल्यावर?" "पहिलं मूल होऊ दे." "मग बारसं होऊ दे, मुंज होऊ दे," मी म्हणाले. तू चिडलीस. "तुझं बरं आहे. लग्न नाही, मूल नाही, खरं बोलायला तुला काय खर्च येतो?" चार दिवस बोलली नाहीस. पाचव्या दिवशी इडल्या घेऊन आलीस. माफी नाही, इडल्या. पण वाक्य चुकीचं नव्हतं तुझं. खरं बोलायला मला खर्च येत नव्हता, तरी मी बोलले नाही. ते मी कोणत्या खात्यावर टाकू?

मग तुला जिना चढवेना. मशीनवर बसल्या बसल्या धाप लागायला लागली. ओठ पांढरे. एक दिवस म्हणालीस, "वत्सू, अंगुस्ताना घट्ट होतोय." त्या टोपणाशिवाय तू सुई धरली नाहीस कधी. बोटाला टोचून कापडाला रक्त लागलं तर काही होत नाही, हे सिस्टरनं हजारदा सांगितलं होतं, तरी नाही. मी म्हणाले, "जाडी झालीस, आणखी काय." मी एवढं वाचते! सूज कशाची असते, हे मी कुठं ना कुठं वाचलं असणारच. पण त्या क्षणी मला विनोद सुचला.

नंदिनीनं अर्ध्या दिवसाची रजा काढली आणि तुला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. सोमवार होता. येत्या रविवारी मुलाकडचे तिला बघायला येणार होते. आपण तिघी टेबलासमोर बसलो, मध्ये नंदिनी. डॉक्टर भला माणूस, पन्नाशीतला, मुळीच भाव खात नव्हता. त्यानं कागद पाहिले. हिमोग्लोबिन पाच.

"लोहाच्या गोळ्या घेता?"

तू बोलायच्या आत नंदिनी बोलली. कन्नडमध्ये, चटचट, जसं कारखान्यात बोलत असेल तसं. "चौदा वर्षं, डॉक्टर. रोज. एक दिवस चुकलेला नाही, माझ्या डोळ्यांसमोर घेते. मीच पाणी देते." आणि तिनं मोबाईलवर डबीच्या लेबलाचा फोटो काढून ठेवला होता तो पुढे केला. डाळिंब, नाव, किती मिलिग्रॅम, सगळं स्पष्ट. आईच्या बाबतीत पोरीनं किती काळजी घेतली होती!

टेबलाखालून तू माझ्यापर्यंत पाय लांब केलास आणि माझ्या पावलावर ठेवलास. जड होता. सुजून चपलेच्या पट्ट्याबाहेर आलेला.

डॉक्टर विचारात पडला. "एवढी वर्षं लोह घेऊन रक्त पाचवर? मग हा लोहाचा प्रश्नच नाही." त्यानं दुसरा कागद उचलला, शरीरात लोहाचा साठा किती ते सांगणारा. "हाही बरा दिसतो. दुसरं काहीतरी आहे. आजच भरती व्हा. रक्त चढवू, मग हाडातला मगज तपासू." तो आकडा पुढे मी घरी येऊन शोधला. शरीरात जुना संसर्ग असला की तो आकडा फुगतो. कोठी रिकामी असली तरी भरलेली दिसते. आकडा कुणाचा आहे हे माहीत असेल, तर डॉक्टर तो वेगळा वाचतो. त्याला कुणाचा ते माहीत नव्हतं. त्याच्यासमोर तीन बायका बसल्या होत्या. एक खरं समजून खोटं सांगत होती. दोघींना खरं माहीत होतं आणि त्या गप्प होत्या.

"भरती करताना कसल्या तपासण्या?" तू विचारलंस.

"नेहमीच्या. कावीळ, एचआयव्ही, सगळ्यांच्याच करतो."

"रविवार झाला की सोमवारी येते."

"अम्मा, पाच म्हणजे किती कमी, कळतंय का तुम्हाला?" डॉक्टर म्हणाला.

"मला सवय आहे, डॉक्टर. चौदा वर्षं अशीच आहे."

तो रागावला, समजावलं, नंदिनीनं हात धरून विनवलं. तू ढिम्म. शेवटी त्यानं सोमवारची तारीख घालून दिली आणि खाली लिहिलं, याच गोळ्या चालू ठेवा.

मी एक वाक्य बोलायचं होतं. 'डॉक्टर, तिनं लोहाची एकही गोळी घेतलेली नाही.' एवढंच. रोगाचं नावसुद्धा घ्यायची गरज नव्हती. पण त्या वाक्याला लगेच प्रश्न आला असता, मग डबीत काय आहे? नंदिनी तिथंच बसली होती. तुझा पाय माझ्या पायावर होता. मी टेबलावरच्या कॅलेंडरकडे पाहत राहिले. चित्रात हत्ती होता. दसऱ्याचा, नटवलेला. मला त्या हत्तीच्या झुलीवरचं कलाबतूचं काम आजही रेघ न् रेघ आठवतं.

तुझ्या दारात नंदिनी रिक्षावाल्याशी बोलत होती, तेवढ्यात मी तुला म्हणाले, "आज तिला सांग. नाहीतर मी सांगते."

"रविवार होऊ दे."

"शारदे, पाच आहे गं."

"सहा दिवसांत काय होतंय? तू शब्द दिलायस."

"तेव्हाचं वेगळं होतं."

"शब्द म्हणजे तुझ्या ग्रंथालयातलं पुस्तक आहे का, मुदत संपली की परत?" हसलीस आणि भिंतीला धरून आत गेलीस. तुझं माझ्याशी शेवटचं पूर्ण वाक्य ते. चांगलं होतं, त्याचं उत्तर मी अजूनही शोधते आहे.

दुसऱ्या दिवशी मी लाल गोळ्या घेऊन आले. घे म्हणाले. "घेते," म्हणालीस. हे एक क्रियापद तू आम्हा सगळ्यांवर चौदा वर्षं वापरलंस, सिस्टरवर, डॉक्टरांवर, मुलीवर. माझ्यावर पहिल्यांदाच. शनिवारी कुंडीत ताजी माती उकरलेली दिसली.

रविवारी सकाळी साडेसहाला नंदिनीचा फोन आला. तू मशीनजवळच्या खुर्चीत होतीस. मांडीवर तिचा ब्लाउज, बाहीची शिलाई तीन बोटं राहिलेली. पांघरूण घालावं तसा तो मांडीभर पसरला होता. हृदय थांबलं, असं आलेल्या डॉक्टरनं लिहिलं. खरंच आहे, कुठलंही हृदय पाण्यासारखं रक्त किती दिवस उपसणार? बायकांनी अंगुस्ताना काढायचा प्रयत्न केला, खोबरेल लावलं, निघेना. तो तसाच गेला तुझ्याबरोबर. अकरा वाजता येणारी माणसं अकरालाच आली. त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. त्यांनी मिठाईचा पुडा परत गाडीत ठेवला आणि बराच वेळ उन्हात उभी राहिली. बरी माणसं दिसली. इतकी वर्षं आपण ज्यांना भ्यालो, ती अशी दिसतात.

नरसीपूरच्या सिस्टरला मी फोनवर कळवलं. ती म्हणाली, "पण रिपोर्ट एवढा सुंदर होता!" आणि रडायला लागली. तुझ्यासाठी खरं कारण माहीत असून रडलेलं, माझ्याशिवाय ते एकच माणूस.

आता काल.

शिबिरात गोळ्या वाटायला त्यांनी नंदिनीलाच उभं केलं. कन्येच्या हस्ते. औषधाच्या दुकानदारानं खोकी दिली होती, तीच डाळिंबाची. पोरगी पांढऱ्या साडीत एकेक डबी देत होती. एका म्हातारीला झाकण उघडेना, म्हणून तिनं उघडून दिलं. मी लांबून पाहिलं, ती थांबली. डबीत पाहत राहिली. मागच्या बाईनं हात पुढे केला तेव्हा भानावर आली.

संध्याकाळी माझ्याकडे आली. चप्पल काढली, टेबलावर वर्तमानपत्राचा कागद पसरला, आणि त्यावर दोन गोळ्या ठेवल्या, बोटभर अंतरावर. नमुने ठेवतात तशा. एक गोल, लाल. एक लांबट, पांढरी.

"मावशी, ही आजची. ही अम्माच्या डबीतली. लेबल एक."

मी तोंड उघडलं. आणि तुला खरं सांगते, पहिलं वाक्य खोटंच तयार झालं होतं. ताकदीची असेल गं, दुसऱ्या कंपनीची. जिभेवर आलं होतं.

"मी लेबलच बघत आले," ती म्हणाली. "माल बघितलाच नाही. कारखान्यात असं केलं असतं तर त्याच दिवशी घरी पाठवलं असतं मला. आणि करिबेवूच्या कुंडीत लाल माती झालीय, ती कशाची?"

मग मी सांगितलं. सगळं. पहिल्या कागदापासून. अंधार पडला तरी दिवा लावायला कुणी उठलं नाही. आजाराच्या नावाला तर तिची पापणीही हलली नाही. तू ज्याच्यासाठी चौदा वर्षं जीव मुठीत धरलास, त्या शब्दाला तुझ्या मुलीनं नुसती मान हलवली. ती अडकली दुसरीकडेच.

"तू होतीस ना, त्या दिवशी डॉक्टरांकडे?"

"होते."

"माझ्या डाव्या हाताला. मी सांगत होते, रोज घेते, मीच पाणी देते..."

"हो."

"मग मला बोलू का दिलंस?"

"शब्द दिला होता गं तिला."

"कुणाला? ती धापा टाकत होती, मावशी."

तिनं दोन्ही गोळ्या कागदात गुंडाळल्या. दारापर्यंत गेली आणि वळली. "मला कळलं असतं तर मी काय केलं असतं, असं वाटलं होतं तिला?"

हे तूच येऊन सांग. मला माहीत नाही. तुलाही माहीत नसावं. आपण दोघींनी तिला कधी विचारलंच नाही.

गोविंदरावांना स्मरणिकेसाठी माझ्याकडून दोन पानं हवी आहेत, 'भावपूर्ण, पण प्रेरणादायी'. ती मी देईन, त्यांत त्याग असेल, मशीन असेल. हे मात्र वेगळं लिहिते आहे, नंदिनीला विचारून. आज सकाळी तिचा निरोप आला. "लिही. नावं बदल. तशीच डबी आणखी कुणाच्या घरी असेल. मी जाईन तिथं करिबेवू घेऊन जाईन." तेव्हा शारदा हे तुझं नाव नव्हे, आणि गल्लीही मी सांगितली नाही. तरी झाडावरून ओळखतील काही जणी. ओळखू देत. माझ्याशी भांडायला येतील त्यांना मी इडल्या देईन.

मुलाकडच्यांना सांगायचं की नाही, ते नंदिनी ठरवेल. मी विचारलं नाही. या एका बाबतीत आपण दोघींनी तिच्या वतीनं पुरेसं ठरवून झालं आहे.

शब्द मोडला, शारदे. अठरा दिवस उशिरा. त्या सोमवारी टेबलापाशी मोडला असता, तर तू मला कधी क्षमा केली नसतीस. तुला मी ओळखते. चार दिवसांचा अबोला नव्हे, जन्माचा धरला असतास. इडल्या आल्या नसत्या. अमावास्येची बस मला एकटीला दिसली असती. म्हातारपणी मी रोज भाजी घेऊन तुझ्या दारावरून गेले असते, मुद्दाम हळू चालत, आणि तू खिडकीतून मला बघून मान फिरवली असतीस.

आणि आतून मशीनचा आवाज आला असता.